मुका प्रचार

वरच्या षड्जापर्यंत द्रौपदा पोचली आणि तिथे काहीच नव्हतं. तोंड उघडं होतं, श्वास पोटातून नेहमीसारखा वर आला होता, मान थोडी डावीकडे कलली होती, माईक नेहमीच्या सवयीने ओठांपासून लांब गेला होता. सगळं जागच्या जागी होतं आणि आवाज तेवढा आला नाही. नुसता वारा गेला. शेजारी मांडी घालून बसलेल्या तिच्या नवऱ्याने, देवचंदने, पेटीवर तो सूर धरून ठेवला, भाता मारत राहिला, तिच्याकडे न बघता वाट पाहत राहिला. चौकात बसलेल्या माणसांना वाटलं, बाईंनी मुद्दाम जागा सोडलीय. कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. त्या टाळ्यांमध्ये तिने पुन्हा प्रयत्न केला. या वेळी काहीतरी बाहेर आलं, पण ते फरशीवरून घमेलं ओढल्यासारखं होतं, आणि लाऊडस्पीकरने ते पंचशीलनगरच्या शेवटच्या घरापर्यंत नेऊन पोचवलं. टाळ्या थांबल्या. तोतारामनाना उठले, तिच्या हातातून माईक घेतला आणि म्हणाले, "अक्कांचा घसा बसलाय. छत्रीवर शिक्का मारायचाय, एवढं ध्यानात असू द्या." ती स्टेजवर तशीच उभी राहिली. तिला लाज वाटायला हवी होती, पण तिला वाटलं ते निराळंच. घरातला एखादा खांब रोज धरून आपण उठतो-बसतो आणि एक दिवस हात पुढे केला तर तिथे खांबच नसावा, तसं. पडायच्या आधी माणूस क्षणभर नुसता चकित होतो.

त्या खांबावरच सगळं उभं होतं. वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला तेव्हा नानांनी बैठकीत दुसरं नाव घेतलंच नव्हतं. नाना रेल्वेतून निवृत्त झालेले, वस्तीत लग्नापासून मयतापर्यंत त्यांच्या शब्दावाचून काही होत नसे. ते म्हणाले होते, "आपल्याजवळ पैसा नाही, जीप नाही. आपल्याजवळ द्रौपदाचा आवाज आहे." आणि ते खरंच होतं. बाबासाहेबांच्या शताब्दीचं वर्ष नुकतंच सरलं होतं आणि त्या वर्षात ती चाळीसगावपासून रावेरपर्यंत, धुळ्याला, शिरपूरला, जिथे म्हणून मांडव पडला तिथे गायली होती. एका रात्रीत दोन दोन गावं. देवचंद दालमिलमधली पाळी संपवून पेटी खांद्याला लावून थेट स्टँडवर यायचा. गाणं झालं की ती बायकांशी बोलायची, आणि बोलणं दर वेळी एकाच गोष्टीवर येऊन थांबायचं. पंचशीलनगरात घरोघरी टीव्ही आले होते, पण बायकांसाठी संडास नव्हता. पहाटे उजाडायच्या आत रुळाकडे जावं लागे. तिनेच बायकांना जमवून नगरपालिकेच्या पायऱ्यांवर नेऊन बसवलं होतं, तिथेही ती गायली होती, आणि साहेबांनी खिडकीतून डोकावून ते गाणं पूर्ण ऐकून घेतलं होतं. गाणं चांगलं आहे म्हणाले. संडास झाला नाही.

हा आवाज तिला बापाने दाखवून दिला होता. पाचोऱ्याला जिनिंगमध्ये तिचा बाप भिका कामाला होता. दुपारी भाकरी घेऊन ती फाटकापाशी उभी राहायची आणि आत यंत्रांचा असा गदारोळ, की माणसं एकमेकांशी हातवाऱ्यांनी बोलत. बाहेरून ती हाक मारायची, "बाबा." सरकीच्या धुळीतून, पट्ट्यांच्या आवाजावरून ती हाक बापापर्यंत जायची आणि तो मान वर करायचा. बाकीचे मजूर हसत. बाप म्हणायचा, "तुना आवाज मशीनना वर जास." मग त्याने तिला भजनी मंडळात बसवलं. वर जाणं हेच तिला गाणं वाटत आलं. गर्दीच्या वर, भोंग्याच्या वर, लग्नातल्या बँडच्या वर. आवाज असला की खालचं काही ऐकू येत नाही, हे तिला कधी जाणवलं नव्हतं. जाणवायला आधी आवाज बंद पडावा लागतो.

घशाच्या डॉक्टरांनी आरसा आत घालून पाहिलं आणि स्वरयंत्रावर सूज आहे म्हणाले. बोलायचं नाही. कुजबुजायचं तर मुळीच नाही, त्याने जास्त बिघडतं. मतदान दोन आठवड्यांवर आलंय, देवचंदने सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "निवडणूक पुन्हा येईल. हा आवाज गेला तर येणार नाही. आणि आलाच तर तो पूर्वीचाच असेल असंही मी सांगत नाही." घरी नाना वाट पाहत बसले होते. देवचंदने सगळं सांगितलं.

"माघार घ्यायची मुदत गेली," ते म्हणाले. "आता काय, पोरी?"

तिने उत्तरासाठी तोंड उघडलं आणि देवचंदने पटकन आपला तळहात तिच्या ओठांवर ठेवला. इतक्या वर्षांत त्याने माणसांसमोर तिला असा हात लावला नव्हता. तो स्वतःच दचकला आणि हात मागे घेतला. "कॅसेट आहेत ना," तो नानांना म्हणाला. "धुळ्याच्या कार्यक्रमाच्या. रिक्षावर लावू. ती नुसती घरोघर फिरेल."

"मुकी?"

"हो. मुकी."

अशा तऱ्हेने द्रौपदाबाई तायडे यांचा प्रचार सुरू झाला. पुढे रिक्षा, तिच्यावर कर्णा, कर्ण्यातून द्रौपदाचा आवाज. मागून पाच-सहा बाया आणि त्यांच्यात हात जोडून चालणारी द्रौपदा. पहिल्या दिवशी तिला स्वतःची भीती वाटली. रिक्षा पुढच्या गल्लीत वळली की तिचाच आवाज भिंतीआडून यायचा, लांबून, भरलेला, निर्धास्त, आणि तिला वाटायचं, ती कोणी दुसरीच बाई आहे, ती निवडणुकीला उभी आहे, आपण तिच्या मागे चाललोय तिच्यासाठी मतं मागत. त्या बाईला काहीच अडचण नव्हती. ती वर चढत होती, खाली येत होती, पूर्वीसारखी हवी तिथे थांबत होती. द्रौपदा थक्क होऊन ऐकायची. हे आपण केलं? हे आपल्या गळ्यातून निघालं? गाताना तिने हा आवाज कधी ऐकलाच नव्हता, तिच्या लक्षात फक्त पुढची ओळ असायची. सगळ्यात जास्त वाजायचं ते सुनेचं गाणं. तिने स्वतः रचलेलं. वस्तीतल्या नर्मदाबाईची सून रत्ना तीन वर्षांपूर्वी पहाटे रुळावर गाडीखाली गेली, त्यावरचं. 'अंधाराच्या वाटेनं सून एकली गेली, रडत रडत गेली.' हे गाणं ऐकून एरंडोलला एक म्हातारा स्टेजपर्यंत येऊन तिच्या पाया पडला होता. सभेत हे गाणं झालं की नाना लगेच बोलायला उभे राहत, कारण त्यानंतर माणसं काहीही मान्य करत.

लोकांसमोर गप्प उभं राहणं तिला जमत नव्हतं. दारात हात जोडून ती उभी राहायची, सोबतची बाई सांगायची, "अक्काले बोलाले मनाई शे, डाक्टरनी सांगेल शे," आणि मग एक विचित्र मोकळी जागा तयार व्हायची. तिला सवय होती ती जागा भरून टाकायची. आता ती भरत नव्हती, आणि समोरच्या माणसाला ती सोसवत नव्हती. म्हणून समोरचं माणूस बोलू लागायचं. आधी घशावरचे उपाय: ज्येष्ठमध, हळदीचं दूध, मिठाच्या गुळण्या. मग आपल्या घशाचं, मग आपल्या आईच्या घशाचं, आणि मग कुठल्या कुठे. दालमिलमध्ये देवचंदबरोबर काम करणारा झुलाल, जो तिच्याशी दहा वर्षांत दहा शब्द बोलला नसेल, तो दारात उकिडवा बसून सांगत राहिला, की त्याला अंधाराची भीती वाटते, लहानपणापासून, आणि मिलची वीज जाते तेव्हा तो पोत्याला धरून उभा राहतो, हे बायकोलाही ठाऊक नाही. एका शिवणकाम करणाऱ्या बाईने सांगितलं, की ती मुलीला शाळेत सोडते आणि पहिला तास संपेपर्यंत खिडकीबाहेर उभी राहून पाढे पाठ करते. आता तिचे बारापर्यंत झालेत. एक माणूस नुसता रडला आणि का ते सांगितलं नाही. द्रौपदा ऐकत होती. तिच्याजवळ मान हलवण्यापलीकडे काही नव्हतं. संध्याकाळी घरी येऊन ती ओट्याला टेकून बसायची. इतकं सगळं होतं तर. या भिंतींच्या आत, या पत्र्यांखाली इतकं सगळं चाललेलं होतं, आणि आपण त्यावरून गात गेलो.

देवचंद त्या दिवसांत पेटीला हात लावत नसे. पेटी वाजली तर ती नकळत गुणगुणेल, अशी त्याला धास्ती होती. त्याने पेटी सतरंजीत गुंडाळून फळीवर ठेवली होती. एकदा जेवताना तो आपणहून म्हणाला, "तू गातेस तेव्हा मी तुझ्याकडे कधी बघितलं नाही. बघितलं तर चुकतो. मी तुझा श्वास ऐकतो. श्वास घेतलास की कळतं, कुठे जाणार आहेस." भरताचा घास तिच्या हातातच राहिला. हा माणूस बारा वर्षं आपल्या शेजारी बसून आपला श्वास ऐकत होता. तिने त्याच्याकडे इतका वेळ पाहिलं, की तो उठून पाणी आणायला गेला.

नर्मदाबाईचं घर वस्तीच्या टोकाला, रुळाच्या बाजूला. म्हातारीला जुन्या तापापासून कमी ऐकू येई. कुठल्याही सभेला ती येत नसे, मोर्चालाही आली नव्हती. दुःखी बाई आहे, म्हणून कोणी बोलावतही नसे. द्रौपदा तिच्या दारात गेली तेव्हा दुपार होती. बरोबरच्या बाया पुढच्या घरी गेल्या, कारण बहिऱ्या बाईला आणि मुक्या बाईला एकमेकींचं काय काम. लांब कुठेतरी कर्णा वाजत होता. नर्मदाबाईने तिला आत बोलावलं, पाट दिला, समोर बसून तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं.

"आवाज गया म्हने तुना."

द्रौपदाने मान हलवली.

"बरं व्हयनं," म्हातारी म्हणाली. तिच्या स्वरात राग नव्हता. "आते मी सांगस ते ऐकी लेशी."

मग ती बोलू लागली, हळूहळू, मांडीवरच्या लुगड्याची घडी पुन्हा पुन्हा सरळ करत. "तू गानामा म्हनस, ती एकली गयी. एकली नव्हती व माय. मी व्हतू तिना संगे. मनी चप्पल गारामा रुतनी व्हती. रुळनाच बाजूले. मी ती काढत बसनू, आनि ती वर उभी राहीसन हासे. रडे नही. हासे. म्हने, मामी, ऱ्हाऊ द्या ती चप्पल, मी तुमले नवी लई दिसू." ती थांबली. "माले ऐकू येस नही, तुले तं मालूम शे. गाडी उनी. ती वरडनी व्हई, माले काय समजस. मंग ती पयत खाले उनी, आनि तिनी माले लोटी दिधं. मी नालीमा पडनू. वर दखं, तं गाडीच गाडी."

बाहेरून कर्णा जवळ आला होता. द्रौपदाला तो ऐकू येत होता, म्हातारीला नव्हता. 'एकली गेली, रडत रडत गेली.' आवाज सुंदर होता. द्रौपदाने कान झाकायला हात उचलले आणि मग उचललेले हात कुठे ठेवायचे ते तिला कळेना.

"मी महिनाभर बोलनूच नही," नर्मदाबाई म्हणाली. "जीभच उचले नही. मंग तुनं गानं उनं. बठ्ठा तेच म्हनाले लागनात. बठ्ठासले तेच मालूम. माले कोनी इचारंच नही." तिने पुढे होऊन द्रौपदाच्या गुडघ्यावर हात ठेवला. "ती भारी हासे, माय. तुले मालूम नही. दात दिसेत तिना."

त्या दुपारी द्रौपदा किती वेळ तिथे बसली हे तिला पुढे कधी नीट आठवलं नाही. तिला रत्ना आठवत होती ती नळावर, घागर भरताना, इतर बायांसारखी एक. आणि आता त्या बाईला दात होते, हसणं होतं, चिखलात रुतलेली एक चप्पल होती, आणि गाडीचा उजेड अंगावर असताना मागे न पळता पुढे पळण्याची ताकद होती. केवढी ती ताकद. तेवढ्या एका क्षणात तिने काही ठरवलं असेल का, की तिचे पायच तसे होते? द्रौपदाने तिला अंधार दिला होता, अश्रू दिले होते, करुणेचा कोमल रिषभ दिला होता. आणि ती खरी बाई या सगळ्याच्या कितीतरी वर उभी राहून हसत होती. तिथपर्यंत जाणारा सूर आपल्याजवळ कधी नव्हताच, आवाज होता तेव्हाही नव्हता, हे द्रौपदाला त्या पाटावर बसून कळलं, आणि तिला मान खाली घालावीशी वाटली, देवळात नव्हे, विहारात घालतात तशी, शांतपणे.

तिथून उठून ती सरळ रिक्षाकडे गेली. रिक्षा चौकात उभी होती, नाना पुढे बसलेले, देवचंद मागे. तिने ड्रायव्हरच्या शेजारच्या टेपमधून कॅसेट काढली आणि कमरेला खोचली. कर्णा खरखरला आणि गप्प झाला.

"हे काय?" नाना म्हणाले.

तिने मान हलवली. नाही.

"अगं, त्या गाण्यावर मतं आहेत आपली. तेच गाणं ऐकायला माणसं दारात येतात." तिने पुन्हा मान हलवली. नानांनी देवचंदकडे पाहिलं. देवचंदने तिच्याकडे. "काय झालं तिला? कोणी काही बोललं का?" तिला सांगायचं होतं. शब्द गळ्याशी येऊन उभे होते, आणि एवढंच जर खर्च केलं, एकच वाक्य, तर नानांना समजलं असतं. पण हे कुजबुजीत सांगण्यासारखं नव्हतं, आणि हातवाऱ्यांनी तर नव्हतंच. ती कॅसेटवर हात ठेवून उभी राहिली. नाना खाली उतरले. "हरशील पोरी," ते हळू म्हणाले. "एवढ्या वर्षांनी आपला माणूस आत जाणार होता." ते चालत निघून गेले. देवचंदने दुसरी कॅसेट लावली, जयंतीची, आणि ड्रायव्हरला रिक्षा पुढे घ्यायला सांगितलं.

मतदानाच्या दोन-तीन दिवस आधी बाजाराकडच्या अरुंद बोळात दोन प्रचार समोरासमोर आले. दुसरा कुंदाबाईंचा. कुंदाबाई म्हणजे केळीचे दलाल गिरधरशेठ यांची पत्नी, माहेर फैजपूरचं, अंगावर नवी कोरी साडी, कपाळ घामेजलेलं. मागे कोण सरणार यावरून पुरुषांची वादावादी जुंपली. एकीकडे नाना, दुसरीकडे गिरधरशेठ. नाना आता द्रौपदाशी परत बोलू लागले होते, पण गरजेपुरतंच. भांडण लांबलं तशा दोन्ही उमेदवार बाया एका बंद दुकानाच्या पायरीपाशी अगदी जवळ उभ्या राहिल्या.

"तुमचा घसा बसलाय म्हणे," कुंदाबाई म्हणाल्या.

द्रौपदाने मान हलवली.

"माझा चांगला आहे." कुंदाबाईंनी नवऱ्याच्या पाठीकडे एकदा पाहिलं. "पण मला सांगून ठेवलंय, फक्त हात जोडायचे. बोलायचं ते हे बोलणार." आणि त्या हसल्या, पदर तोंडाला लावून. द्रौपदाही हसली. तिचं हसणं नुसतं नाकातून वारा बाहेर आल्यासारखं झालं, आणि ते पाहून कुंदाबाईंना आणखी हसू आलं. मग त्या एकदम गंभीर झाल्या. "ते सुनेचं गाणं आता लावत नाही तुम्ही. मी खिडकी उघडून ऐकायची. ती बाई खरंच होती का हो?" द्रौपदाने त्यांचा हात धरला आणि दाबला. होती. त्याहून जास्त सांगता येत नव्हतं. तोवर गिरधरशेठच्या माणसांनी जीप मागे घेतली आणि कुंदाबाई हात जोडत निघून गेल्या.

द्रौपदा हरली. फार मतांनी नव्हे, पण हरली. नाना मोजणीच्या शाळेबाहेर कडुनिंबाखाली बसून राहिले आणि त्यांनी तिला 'सांगितलं होतं' असं म्हटलं नाही. फक्त तिच्या डोक्यावर हात ठेवला. समोरून गुलालाची जीप गेली. जीपमध्ये गिरधरशेठच्या गळ्यात हार होते आणि कुंदाबाई मागच्या बाकावर बसल्या होत्या. द्रौपदाला वाईट वाटलं ते बायांसाठी, संडासासाठी. स्वतःसाठी तिला काही वाटत नाहीसं झालं होतं; तिच्यात इतकी माणसं येऊन बसली होती, की वाईट वाटायला जागा उरली नव्हती. पुढे संडास झालाही, दीड वर्षाने, पायऱ्यांवर आणखी दोनदा बसल्यावर. दारांना आतून कड्या लावून घ्यायला तिसऱ्यांदा बसावं लागलं. तेव्हा बायांच्या पुढे द्रौपदा होती आणि ती गात नव्हती, एकेका बाईला उभी करून बोलायला लावत होती. गाणं तिने नंतर पुन्हा धरलं, खालच्या पट्टीत, वरचा षड्ज सोडून. जुने ऐकणारे हळहळायचे. देवचंद म्हणायचा, आता श्वास जास्त चांगला ऐकू येतो.

पण हे सगळं नंतरचं. निकालानंतरच्या आठवड्यात एका दुपारी कुंदाबाई पंचशीलनगरात आल्या, एकट्या, रिक्षाने. देवचंदने बाज पुढे केली. त्या बसल्या आणि जणू पाठ करून आल्या असाव्यात तसं म्हणाल्या, "मला ती रुळाकडची जागा बघायचीय. घरी सांगितलेलं नाही." द्रौपदाला अजून बोलायची मोकळीक नव्हती, डॉक्टरांनी सांगितलं होतं, लागलंच तर एखादा शब्द. देवचंद म्हणाला, "ताई, दुपारी तिथे काय दिसणार? पहाटे यावं लागेल."

"मग पहाटे येते," कुंदाबाई म्हणाल्या.

आणि त्या आल्या. शाल गुंडाळून, पायांत घरातल्या स्लीपर. उजाडायला अवकाश होता, थंडी मरणाची. बाया चार-चार पाच-पाच करून घरांतून निघत होत्या. कोणी कोणाशी मोठ्याने बोलत नव्हतं. नर्मदाबाईने पाण्याने भरलेला एक डबा कुंदाबाईंच्या हातात दिला. "हातमा डबा ऱ्हायना का कोनी इचारस नही," ती म्हणाली. वाट चिखलाची. कुंदाबाई दोनदा घसरल्या, दोन्ही वेळा म्हातारीनेच सावरलं. रुळाच्या उताराला बाया पांगल्या. कुंदाबाई डबा धरून उभ्या होत्या आणि त्यांना समजत नव्हतं, पाहायचं कुठे. कुठेही पाहिलं तरी कोणीतरी बसलेलं होतं.

मग भुसावळकडून पॅसेंजर आली. आऊटर सिग्नलपाशी तिचा वेग नेहमीच कमी व्हायचा. इंजिनाचा दिवा वळणावरून फिरला आणि उताराच्या टोकापासून बाया उभ्या राहू लागल्या. एक उठली, तिच्या शेजारची उठली, तिच्या पलीकडची. उठायचं, पदर तोंडावर घ्यायचा, गाडीकडे पाठ करायची, आणि गाडी जाईपर्यंत तसंच राहायचं. हे कोणी कोणाला शिकवलेलं नव्हतं. द्रौपदाने हे जन्मभर केलं होतं आणि आज पहिल्यांदा पाहिलं: उजेडाच्या पट्ट्यात दूरवर उभ्या असलेल्या पाठी, म्हाताऱ्या, तरण्या, पोटुशा, एकही चेहरा नाही. सगळ्यांत पुढे कुंदाबाई उजेडाकडे तोंड करून उभ्या होत्या.

"ताई," द्रौपदा म्हणाली, "पाठ करा."

तिचा स्वतःचा आवाज तिला ओळखू आला नाही. जाड होता, जमिनीलगतचा. कुंदाबाईंनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"कशाला? आपण काय चोरी केली?"

त्या वळल्या नाहीत. इंजीन समोरून गेलं, पायाखालची खडी थरथरली. द्रौपदाच्या तोंडावर पदर होता, पदराआड तिचा श्वास गरम होऊन परत येत होता. तिने पदर सोडला. ती वळली. पहिल्यांदा नुसता प्रकाश आला डोळ्यांत, मग डबे आले, हळूहळू सरकणारे, पिवळ्या दिव्यांचे. दारात एक माणूस दात घासत उभा होता. त्याची नजर उतारावरून फिरत आली, तशीच, सवयीने, आणि दोन चेहऱ्यांवर अडकली. क्षणभर त्याला कळेना. मग त्याने मान खाली घातली आणि आत सरकला.

मागून बांगड्यांचा आवाज झाला. कोणीतरी वळलं होतं. मग आणखी कोणीतरी. किती जणी ते बघायला द्रौपदाने मान फिरवली नाही. ती गाडीकडेच पाहत राहिली, एकेका खिडकीकडे, आणि गाडीच्या खिडक्यांची शटरं आतून एकेक करून खाली पडू लागली.